दोरी ओढायची कुणी?

आपल्या ऑफिसांत ईस्ट-वेस्टचं फ्यूजन कधीच येऊन बसलंय. बॉसला नावाने हाक, शुक्रवारी जीन्स, भिंतीवर 'कायझेन'चं पोस्टर आणि दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूचा हार! मला हे सगळं आवडतं. प्रश्न एकच. बॉसचं चुकतंय असं दिसलं, तर मीटिंगमध्ये बोलणार कोण?

यावर मला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टची गोष्ट आठवते. तिथला जनरल मोटर्सचा प्लँट म्हणजे कंपनीची डोकेदुखी. रोज पाचातला एक जण गैरहजर, कामावर दारू, युनियन आणि मॅनेजमेंटमध्ये छत्तीसचा आकडा. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जीएमने भागीदारीत 'नूमी' या नावाने तिथेच गाड्या बनवायला घेतल्या. गंमत म्हणजे कामगार बहुतेक तेच, युनियनही तीच. कित्येकांना ट्रेनिंगसाठी जपानला धाडलं. बघता बघता गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या.

असं काय बदललं? बरंच काही, पण मुख्य म्हणजे डोक्यावर एक दोरी आली. काही बिघडलेलं दिसलं की कुणीही कामगाराने ती ओढायची. टीम लीडर मदतीला धावणार. तेवढ्यात अडचण सुटली नाही, तर अख्खी लाइन थांबणार. जुन्या जीएममध्ये लाइन थांबवणं म्हणजे महापाप! टोयोटाकडे मात्र हे खानदानी. घराण्याचे मूळपुरुष साकिची टोयोदा यांचा १९२४ चा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा.

आता म्हणाल, हे जपानी संस्कार, आपल्याला कसे जमणार? पण जपानी इंजिनीअर्सना १९५० मध्ये क्वालिटीचे धडे दिले ते डेमिंग या अमेरिकन माणसाने. कामाच्या जागेवरची भीती घालवा, हा पुढे त्यांच्या गाजलेल्या चौदा मुद्द्यांपैकी एक झाला. म्हणजे पूर्वेचं कुठलं आणि पश्चिमेचं कुठलं, हा वादच फिजूल.

जीएमने आपल्या इतर प्लँटमध्येही दोरी लावून पाहिली. पण ओढणाऱ्यावर मॅनेजर डाफरायचे. दोरी लोंबत राहिली, ओढायला कुणी धजेना. २००९ मध्ये जीएम दिवाळखोरीत गेली, २०१० मध्ये नूमी बंद झालं. आज त्या जागेत टेस्ला आहे.

आपल्याकडे मोठ्यांचा मान राखायचं बाळकडू असतंच. त्यात वाईट काही नाही. पण मान राखणं म्हणजे मूग गिळून बसणं नव्हे ना! माझ्या एका मैत्रिणीने क्लायंटसाठी ठरलेली तारीख जमणार नाही, असं भर मीटिंगमध्ये सांगितलं. उत्तर आलं, 'निगेटिव्ह नको, टीम प्लेअर हो.' तारीख हुकलीच. सलग चार रविवार सगळ्यांनी ऑफिसात काढले. आणि हे सगळं बॉसला 'अरे, राहुल' म्हणणाऱ्या ऑफिसात!

तेव्हा नव्याने टीम लीड झालेल्या मित्रमैत्रिणींनो, एवढं करून बघा. पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यात ज्युनिअरला सगळ्यात आधी बोलू द्या. तुमचं मत शेवटी. आणि कुणी दोरी ओढलीच, तर तुमच्या तोंडून पहिला शब्द 'थँक्स' येऊ दे. चौकशी नंतर!