घोडीला निरोप द्यायचा, पण कसा?

या वेळचा प्रश्न इंदूरजवळ राहणाऱ्या एका वाचक ताईंचा आहे. त्यांच्या सासऱ्यांनी हौसेने घेतलेली घोडी आता २६ वर्षांची झाली आहे. दात झिजलेत, चंदी भिजवून द्यावी लागते, थंडीत उठताना मागचे पाय लटपटतात. ताई लिहितात, "ती गेली की तिला अग्नीच द्यायचा, असं मामंजींनी सांगून ठेवलंय. पण त्याची व्यवस्था काय, असं मी विचारलं की सगळे गप्प होतात. घोड्याचं दहन करता येतं का? आणि हे आत्ताच विचारणं अशुभ आहे का?"

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ. यात अशुभ काहीच नाही. घोडा साधारण २५ ते ३० वर्षं जगतो, म्हणजे तुमची घोडी पिकलं पान आहे. घरचं कुत्रं गेलं तर चादरीत गुंडाळून नेता येतं. घोडीचं वजन साडेतीनशे-चारशे किलो असतं. गेल्यावर काही तासांत अंग ताठतं, उन्हाळ्यात तर त्याच दिवशी पोट फुगू लागतं. आधी काही ठरलेलं नसेल तर त्या घाईत ट्रॅक्टरला दोर बांधला जातो आणि ज्या जनावराला रोज खरारा केला ते गावाबाहेरच्या ओढ्यात जाऊन पडतं. हे टाळायचं असेल तर ती उभी आहे तोवरच बोलायला हवं.

आता दहनाचं. ब्रिटनमध्ये घोड्यांसाठी खास दहनगृहं आहेत आणि राख घरच्यांना परत मिळते. आपल्याकडच्या शहरांतली पाळीव प्राण्यांची दहनगृहं मुख्यतः कुत्र्या-मांजरांसाठी बांधलेली असतात. मोठ्या जनावराची सोय तुमच्या भागात आहे का, हे महानगरपालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात आजच विचारून ठेवा. लाकडाची चिता मात्र सुचवणार नाही. माणसाच्या चितेलाच तीन-चारशे किलो लाकूड लागतं, घोडीला त्याच्या कितीतरी पट लागेल. लाकूड कमी पडलं तर देह अर्धवट जळतो आणि ते दृश्य मामंजींना आयुष्यभर छळेल.

बहुतेक घरांसाठी योग्य मार्ग म्हणजे खोल दफन. जागा स्वतःची असावी, उंचवट्यावरची असावी, विहीर, बोअरवेल आणि ओढ्यापासून लांब असावी. ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला आधी विचारा. खड्डा जेसीबीनेच घ्यावा लागतो आणि देहावर निदान पाच-सहा फूट माती यायला हवी, नाहीतर कुत्री उकरतात. खड्ड्याला पाणी लागलं तर जागा बदला. जेसीबीवाल्याचा नंबर आणि खर्चाचे पैसे बाजूला ठेवा. पावसाळ्यात तिथवर यंत्र पोहोचेल का, हेही पाहून घ्या.

मामंजींच्या मनातल्या अग्नीचं काय? देह हाती नसेल तर प्रतिमेला अग्नी देण्याची रीत आपल्याकडे आहेच. घोडीच्या आयाळीची एक बट कापून घ्या आणि तिला घरच्यांनी मिळून अग्नी द्या. अमेरिकेत-इंग्लंडमध्ये शर्यतीच्या नामांकित घोड्यांचंही पुष्कळदा फक्त डोकं, हृदय आणि खूर पुरण्याची प्रथा होती. १९८९ मध्ये सेक्रेटेरियट हा घोडा अख्खा पुरला गेला, तो त्याचा विशेष मान समजला गेला. देह मोठा असला की माणसं अशा वाटा शोधतात, त्यात प्रेम कमी पडत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. देह उघड्यावर टाकू नका. पूर्वी गावाबाहेर टाकलेलं जनावर गिधाडं काही तासांत संपवत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे ती गिधाडंच मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. म्हाताऱ्या घोडीला सांधेदुखीसाठी वेदनाशामक लागतंच. गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. दयामरण द्यावं लागलं तर त्यासाठी वापरलं जाणारं पेंटोबार्बिटलही देहात टिकून राहतं आणि लचके तोडणाऱ्या कुत्र्यांना, पक्ष्यांना मारू शकतं.

दयामरणाचा विचार क्रूर वाटतो, पण असह्य पोटशूळात घोडी तासन्‌तास लोळत राहणं त्याहून क्रूर आहे. निर्णय पशुवैद्यकाबरोबर घ्या, औषध त्यांच्याच हातून द्या. ती चालू शकत असेल तर तिला खड्ड्याजवळ सावकाश चालवत न्या, म्हणजे नंतर ओढावं लागणार नाही. म्हातारी झाली म्हणून तिला रस्त्यावर सोडून देणं आणि उपाशी-तहानलेलं ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

मृत्यू अचानक झाला, नाका-तोंडातून न गोठणारं काळपट रक्त आलं, तर देहाला हात लावू नका आणि तो कापू देऊ नका. तो फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो आणि त्याचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं जगतात. नाकातून चिकट स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी असतील तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. अशा वेळी आधी सरकारी पशुवैद्यकाला कळवा. विल्हेवाट त्यांच्या सांगण्याप्रमाणेच करायची, घरच्या इच्छेप्रमाणे नाही.

विमा असेल तर पुरण्यापूर्वी कंपनीला कळवा, फोटो काढा, पशुवैद्यकाचा मृत्यूचा दाखला घ्या. घाईत हे राहतं आणि मग दावा अडतो.

नंतरचं दुःखही आधीच ओळखून ठेवा. पागेत दुसरा घोडा असेल आणि रोगाची शंका नसेल, तर त्याला देहाजवळ येऊन हुंगू द्या. जोडीदार नाहीसा झाला की काही घोडे दिवसेंदिवस हाका मारतात, चंदी सोडतात. मोतद्दार असेल तर त्याला रडायला मोकळीक द्या, तिच्याजवळ सर्वांत जास्त तास त्याचेच गेलेत. मुलांना 'ती दूर चरायला गेली' असं सांगू नका, ती वाट पाहत बसतात. शेपटीच्या केसांची वेणी आणि एक नाल जपून ठेवा. जागेवर झाड लावा. हळदीघाटीजवळ चेतकचं स्मारक आजही लोक पाहायला जातात. घरच्या घोडीला एक झाड पुरे.

तेव्हा ताई, या रविवारी मामंजींना जागा निवडायला सोबत न्या. 'व्यवस्था' म्हटलं की ते गप्प होतील, 'तिला कुठे सावली आवडते?' असं विचारलंत तर बोलतील. मग एका कागदावर पशुवैद्यक, जेसीबीवाला, ग्रामपंचायत आणि विमा कंपनी यांचे नंबर लिहा आणि तो पागेच्या दारामागे चिकटवा. त्याची गरज उशिरा पडो.