विश्लेषण : जंगल वाचवण्यासाठी झाडं तोडायची? वस्तीजवळच्या ‘विरळणी’ने काय साधतं?

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ‘कॅल्डोर’ नावाचा वणवा पेटला. तीनच दिवसांत ग्रिझली फ्लॅट्स या डोंगराळ गावातली चारशेहून अधिक घरं त्याने जाळून टाकली. तोच वणवा महिनाअखेरीस साउथ लेक टाहो शहराच्या वेशीवर पोहोचला. सुमारे २२ हजार लोकांना घरं सोडावी लागली. पण शहर मात्र वाचलं. हे कसं घडलं?

दोन वस्त्यांमध्ये फरक काय होता?

टाहो परिसरातल्या वस्त्यांभोवती अनेक वर्षं जंगलाची विरळणी सुरू होती. तिथे आल्यावर झाडांच्या शेंड्यांवरून धावणारी आग जमिनीवर उतरली आणि अग्निशमन दलाला ती रोखता आली. ग्रिझली फ्लॅट्सभोवतीही अशा कामाची योजना होती, पण वणवा आला तेव्हा त्यातलं बरंचसं काम बाकी होतं. अर्थात, टाहो वाचण्यामागे मंदावलेला वारा आणि जवानांची मोठी फौज हीसुद्धा कारणं होती.

विरळणी म्हणजे काय?

शेतात दाट उगवलेली रोपं उपटून आपण बाकीच्यांना जागा करून देतो, तसंच हे आहे. जंगलात लहान, दाटीवाटीने वाढलेली झाडं आणि झुडपं काढली जातात, तर मोठी, जाड सालीची झाडं राखली जातात. लहान झाडं आगीसाठी शिडीचं काम करतात. ती नसतील तर आग शेंड्यापर्यंत सहज चढत नाही. उरलेल्या झाडांना पाणी आणि प्रकाशही जास्त मिळतो.

जंगल इतकं दाट झालंच कसं?

इथले मूलनिवासी पूर्वी ठरावीक काळाने लहान आगी लावून जंगल मोकळं ठेवत. १९१० च्या भीषण वणव्यांनंतर प्रत्येक आग विझवण्यावर सरकारचा भर वाढला. १९३५ मध्ये तर कोणतीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत आटोक्यात आणायचीच, असं धोरण ठरलं. परिणामी पालापाचोळा आणि लहान झाडं साचत गेली. २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात आणि खोडकिड्यांमुळे राज्यात दहा कोटींहून अधिक झाडं मेली.

मग विरोध का?

विरळणीच्या नावाखाली किमती, मोठी झाडं तोडली जातील, ही पर्यावरणवाद्यांची भीती आहे. जंगल फार मोकळं केलं तर जमीन लवकर सुकते आणि वाऱ्यालाही वाट मिळते. शिवाय छाटलेला कचरा तिथेच पडून राहिला, तर तोच इंधन होतो. म्हणून विरळणीनंतर नियंत्रित आग लावणं आणि काही वर्षांनी हे सगळं पुन्हा करणं गरजेचं असतं. लहान लाकडाला फारसा भाव नसल्याने खर्चही निघत नाही.

एवढं पुरेसं आहे का?

नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात हजारो घरं जळाली. तिथल्या डोंगरांवर दाट जंगल नव्हे, तर झुडपं होती. वाऱ्याने उडालेल्या ठिणग्या घरांवर पडल्या आणि पुढे एका घराने दुसरं पेटवलं. त्यामुळेच भिंतीपासूनच्या पहिल्या पाच फुटांत सुकी पानं, लाकडी कुंपण, झुडपं असं काहीही ज्वलनशील नको, असं तज्ज्ञ सांगतात.

आपल्याकडेही उन्हाळ्याआधी वनविभाग जाळरेषा काढतो. दोन्हीकडे तत्त्व एकच : आगीचं इंधन आधीच कमी करायचं. पण जंगलातलं काम सरकारने केलं, तरी अंगणातला पाचोळा घरमालकालाच झाडावा लागतो.