गाळातले लोखंड आणि उरलेला गाळ

कुंड्यांना किंवा तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरू घ्या. त्याची कोरडी पूड कागदावर पसरा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा. पूड जागची हलणार नाही. आता कोकणच्या किनाऱ्यावरील काळी वाळू घेऊन हाच प्रयोग करा. तिच्यातले कितीतरी कण चुंबकामागे धावू लागतील. लोखंड दोन्हींत आहे. पण गेरूत ते हेमॅटाइट या खनिजाच्या रूपात असते, तर वाळूतले धावणारे कण मुख्यतः मॅग्नेटाइटचे असतात. मॅग्नेटाइटला चुंबक जोराने ओढतो, हेमॅटाइटला अगदी क्षीणपणे.

गोव्याचे लोहखनिज बहुतांशी हेमॅटाइट आहे. ते फोडतात, चाळतात आणि पाण्याने धुतात. लोहयुक्त जड कण वेगळे काढले जातात. चिकणमाती, सिलिका आणि लोहखनिजाचे अतिसूक्ष्म कण यांचा तांबडा गाळ तलावात सोडला जातो. म्हणजे त्या गाळातही लोखंड आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे गोव्यातील खाणकाम २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबले. ट्रक आणि बार्ज उभे राहिले, अनेकांची रोजी बुडाली. पण गाळाचे तलाव होते तिथेच राहिले. २०२२ च्या अखेरीपासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आहेत. अशा वेळी माझे मत असे, की नवी टेकडी फोडण्यापूर्वी जुन्या गाळाचा हिशेब व्हावा. मात्र तो हिशेब पुरा व्हावा.

गाळ टाकाऊ कोणी ठरवला, हे आधी पाहू. नागपूरला मुख्यालय असलेल्या इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सने २००९ मध्ये हेमॅटाइटसाठी लोहाची किमान मर्यादा ५५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आणली. दगड तोच राहिला, पण आदल्या वर्षीचा टाकाऊ माल आता जपून ठेवण्याजोगा ठरला.

मग हे लोखंड काढणे अवघड का? कारण कण फार बारीक असतात. पाण्यातून जाणाऱ्या कणावरील चुंबकीय ओढ त्याच्या आकारमानावर, म्हणजे त्रिज्येच्या घनावर अवलंबून असते. पाण्याचा विरोध मात्र केवळ त्रिज्येच्या प्रमाणात असतो. कणाची त्रिज्या दहापट कमी केली, तर ओढ हजारपट घटते आणि विरोध फक्त दहापट. त्यातून हेमॅटाइट मुळातच दुबळे. म्हणून एक टेस्ला किंवा त्याहून तीव्र क्षेत्राचे विद्युत्‌चुंबक वापरतात आणि त्यांत पोलादाच्या खाचदार पट्ट्या बसवतात. पट्ट्यांच्या कडांजवळ क्षेत्र झपाट्याने बदलते आणि तिथे कण पकडले जातात. दुसरा उपाय म्हणजे कोळशाच्या साहाय्याने गाळ भाजून हेमॅटाइटचे मॅग्नेटाइट करणे. मग साधा चुंबकही पुरतो. पण इंधन जळते आणि धूर होतो.

आता थोडे बीजगणित. समजा, १०० टन कोरड्या गाळात ४५ टक्के लोह आहे. त्यातून ६३ टक्के लोहाचा माल मिळाला आणि उरलेल्या गाळात २५ टक्के लोह राहिले. माल क्ष टन धरला, तर ६३क्ष + २५(१०० − क्ष) = ४५००. यावरून क्ष सुमारे ५३ येतो. म्हणजे ५३ टन माल मिळाला आणि ४७ टन गाळ उरला. जवळजवळ निम्मा! शिवाय हा गाळ पहिल्यापेक्षा बारीक आणि म्हणूनच पाणी धरून ठेवणारा.

ओला गाळ केवढा अनर्थ करतो हे ब्राझीलने पाहिले आहे. तिथे मारियाना येथे २०१५ मध्ये लोहखाणीच्या गाळाचे धरण फुटून १९ माणसे दगावली. २०१९ मध्ये ब्रुमाजिन्यो येथे तसेच धरण फुटले आणि सुमारे २७० माणसे गाडली गेली. आपल्याकडे तर पावसाळ्यात खाणीची माती वाहून भातशेतीत शिरते, हे गोव्यातील शेतकऱ्याला सांगायला नको.

कोणी म्हणेल, ‘निम्मा ढीग कमी झाला, पैसेही मिळाले, आणखी काय हवे?’ ढीग कमी होणे चांगलेच, आणि म्हणूनच मी गाळ पुन्हा धुण्याच्या बाजूचा आहे. पण जो माल विकतो, त्यानेच उरलेला गाळ दाबून, पाणी पिळून, कोरडा करून जुन्या खड्ड्यांत भरला पाहिजे. पिळलेले पाणी धुण्यासाठी पुन्हा वापरले पाहिजे. या कामाचा खर्च लोखंडाच्या किमतीत धरावा. तो धरूनही काम परवडले, तरच ते खरे परवडले. नाहीतर फायदा कारखान्याचा आणि चिखल शेतकऱ्याचा, असे व्हायचे.

शिक्षकांना एक विनंती. वरचे समीकरण वर्गात आकडे बदलून सोडवून घ्या. मुले क्ष काढतीलच. पण उत्तराखाली ‘१०० − क्ष’ किती आणि ते कुठे ठेवणार, हेही त्यांच्याकडून लिहून घ्या.