अंगठी किती पगारांची?

साखरपुड्याच्या अंगठीला दोन महिन्यांचा पगार घालावा, असं आता आपल्याही ऑफिसांत सहज बोललं जातं. हा काही रिवाज नव्हे. 'हिरा कायमचा' हे १९४७ चं घोषवाक्य डी बिअर्स या हिरे कंपनीचं, आणि पगाराचा हिशोबही तिच्याच जाहिरातींनी रुजवला.

म्हणून साधेपणाचे धडे मात्र आपल्याला कुणी देऊ नयेत. आपल्या बायकांनी काय ल्यावं हे जात ठरवत आली. केरळात पुलया स्त्रियांच्या गळ्यात दगडी मण्यांच्या माळाच असत. १९१५ मध्ये अय्यनकालींच्या हाकेवर त्यांनी त्या कोल्लमच्या सभेत काढून फेकल्या. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं: जात दाखवणारे चांदीचे दागिने सोडा, घालायचंच तर सोनं घाला.

तेव्हा अंगठी जरूर घ्या, सोन्याची घ्या. माझा आक्षेप हप्त्यांना आहे. शैक्षणिक कर्ज फिटायचंय, धाकट्या बहिणीची फी त्याच पगारातून जायचीय, त्यात हिऱ्याचा ईएमआय! अडीनडीला सोनं गहाण पडतं, हिऱ्यावर तेवढे पैसे कुणी देत नाही; आईला विचारा. रक्कम दोघांनी बसून ठरवा, आणि दोन्ही अंगठ्या सारख्याच वजनाच्या घ्या.