स्वतःच्या हाताने मांडलेले शून्य

एकट्याने खेळत बसलेला प्रौढ मनुष्य दृष्टीस पडला म्हणजे आपल्या समाजात त्याच्याविषयी एक तर कीव उत्पन्न होते किंवा संशय. आणि त्याच्यासमोर फासे पडलेले असले तर संशयाचेच पारडे जड होते. ज्याला सोबत मिळाली नाही तो एकटा खेळतो आणि ज्याला उद्योग उरला नाही तो फासे टाकतो, अशी आपली रूढ समजूत आहे. गेली दोन वर्षे जूचंद्र येथील माझ्या घराच्या ओटीवर, दिवेलागण झाल्यानंतर आणि मुलगा मुंबईहून परतण्यापूर्वी जो तासभर वेळ हाती उरतो त्या वेळात, चार फासे, एक पेन्सिल आणि रकाने आखलेला एक कागद एवढ्याच सामग्रीवर मी एकटा खेळत आलो आहे. आणि त्या अनुभवाच्या आधारे ही समजूत चुकीची आहे, इतकेच नव्हे तर प्रतिपक्षाशिवाय आणि पणाशिवाय मांडलेला फाशांचा डाव ही सचोटीची एक उत्तम शाळा आहे, असे माझे पूर्ण विचारांती झालेले मत आहे.

या जातीच्या खेळात पटावर सोंगट्या चालवायच्या नसतात. फासे टाकायचे, पडलेल्या दानातून काय घ्यायचे ते ठरवायचे आणि तो निर्णय कागदावर लिहून टाकायचा, एवढाच त्याचा विधी. आणि लिहिलेले बदलायचे नाही, हा त्याचा प्राण. १९५६ साली एडविन लो या अमेरिकन व्यापाऱ्याने बाजारात आणलेला ‘यात्झी’ हा या कुळातील सर्वांत प्रसिद्ध पूर्वज होय. पाच फासे, तेरा घरे आणि तेरा पाळ्या. प्रत्येक घर एकदाच भरायचे, आणि पडलेले दान कोणत्याच रिकाम्या घराला लागू पडत नसेल तर एखादे घर निवडून त्यात आपणच शून्य मांडायचे. अलीकडे या कुळाचा विस्तार पुष्कळ झाला आहे. माझ्या भाच्याने अमेरिकेहून येताना जी पेटी आणली ती ‘कॅस्केडिया : रोलिंग हिल्स’ या नावाची होती. रँडी फ्लिन यांच्या ‘कॅस्केडिया’ या मूळ खेळाला २०२२ साली जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि २०२४ साली त्याच विषयावरची ही फासे-कागदाची आवृत्ती निघाली. अस्वल, एल्क जातीचे हरिण, साल्मन मासा, शिकारी ससाणा आणि कोल्हा हे अमेरिकेच्या वायव्य प्रदेशातील पाच प्राणी तिच्या फाशांवर आहेत, आणि एकट्यानेच खेळण्याची सोय तिच्यात मुळापासून करून ठेवलेली आहे.

ती पेटी मी मनापासून खेळलो. परंतु साल्मन मासा जन्मात कधी पाहिला नसल्यामुळे त्याचे चित्र वर पडले काय आणि न पडले काय, मनात कसलाच तरंग उठत नसे. तेव्हा मी साध्या फाशांवर कागदाचे तुकडे डकवले आणि त्यांवर आमच्या मुलखातले सहा प्राणी काढले : खारफुटीत दडणारा कोल्हा, मिठागराच्या बांधावर उभा राहणारा बगळा, खाडीवर झेप घेणारा खंड्या, ओहोटीनंतरच्या चिखलावर परांच्या आधाराने सरकणारी निवटी, बिळातली चिंबोरी, आणि तुंगारेश्वरच्या अभयारण्यातला बिबट्या. नियमही सुटसुटीत ठरवले. चार फासे एकदम टाकायचे, पडलेल्या प्राण्यांपैकी एक निवडायचा आणि तो जितक्या फाशांवर आला असेल तितका अंक त्याच्या रकान्यात लिहायचा. प्रत्येक प्राण्याला दोनच घरे, म्हणजे एकंदर बारा फेकी. आणि पडलेल्या प्राण्यांपैकी कोणाचेच घर रिकामे नसेल, तर उरलेल्या एखाद्या घरात शून्य.

आता, फाशांची आपल्या परंपरेतील कीर्ती चांगली नाही हे मी जाणतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे. त्याची पत्नी दुरावली आहे, आई झुरते आहे, आणि अखेरीस फासे सोडून शेती करण्याचा उपदेश त्याला मिळतो. धर्मराजाने द्यूतात काय काय गमावले ते सांगायला नको. १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आजही अमलात आहे. परंतु या सर्व दाखल्यांची नीट छाननी केली तर असे दिसून येईल की, दोष आहे तो पणाचा आणि दुसऱ्याचे हरण करण्याच्या अभिलाषेचा. पण काढून टाका, प्रतिपक्ष काढून टाका. मग मागे उरतात ते दान आणि निर्णय, आणि मनुष्याच्या आयुष्यातही या दोहोंवाचून दुसरे फारसे काही नसते.

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात फाशांची एक निराळीच बाजू दाखविली आहे, आणि ती आपण विसरलो आहोत. द्यूतात राज्य गमावलेला नल सारथ्याच्या वेषात ऋतुपर्ण राजाचा रथ हाकीत असता राजा वाटेतल्या एका बेहड्याकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नल झाड तोडून फळे मोजतो, तो ती राजाने सांगितली तितकीच, दोन हजार पंचाण्णव, भरतात. मग ऋतुपर्ण नलाला अक्षविद्या देतो आणि त्या बदल्यात नलाकडून अश्वविद्या घेण्याचे कबूल करतो. ज्या बेहड्याच्या फळांचे फासे वैदिक काळी करीत असत, त्याच झाडाखाली मोजणीची विद्या दिली जावी, हा योगायोग नव्हे. फाशांनी ज्याचा सर्वनाश केला, त्याला फाशांच्या ज्ञानानेच उभे केले. व्यसन आणि विद्या यांच्यातील अंतर एवढेच की, व्यसनी मनुष्य दानाकडे आशेने पाहतो आणि विद्यार्थी हिशेबाने.

तो हिशेब माझ्या ओटीवरच्या खेळातही आहे. शेवटच्या फेकीला बिबट्याचे एकच घर उरले असले, तर चार फाशांपैकी निदान एकावर तो येण्याचा संभव किती? एकंदर १२९६ शक्यतांपैकी ६७१ अनुकूल आणि ६२५ प्रतिकूल. म्हणजे अर्ध्याहून किंचित अधिक. एकच फासा चार वेळा टाकला असता निदान एकदा सहाचे दान पडेल काय, हा फ्रान्समधील शेव्हालिए द मेरे या लेखकाचा प्रश्न नेमका हाच, आणि त्याने उपस्थित केलेल्या अशाच प्रश्नांवरून १६५४ साली पास्काल आणि फर्मा यांच्यात झालेल्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. आपल्या सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट, ज्याचे जनकत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते, पापपुण्याची शिकवण देतो खरी. पण त्यात खेळणाऱ्याला निर्णय असा नसतोच, दान नेईल तिकडे त्याने जायचे. येथे दान दैवाचे असते, पण निवटीचे दोन घ्यावेत की बगळ्याचा एक, आणि बिबट्याचे घर कोठवर राखून ठेवावे, हे मात्र आपले आपण ठरवायचे असते, आणि ठरवलेले आपल्याच अक्षरात समोर राहते.

एका संध्याकाळची हकीकत सांगितल्यावाचून माझ्या म्हणण्यातला खरा मुद्दा स्पष्ट होणार नाही. त्या दिवशी अकरा फेकींची बेरीज पूर्वीच्या कोणत्याही डावापेक्षा अधिक भरली होती आणि बिबट्याचे एक घर तेवढे बाकी होते. मी फासे टाकले. तीन फासे बिबट्यावाचून स्थिरावले, आणि चौथा वहीच्या कडेला टेकून कलता राहिला. वर बगळा म्हणावा तर बगळा, बिबट्या म्हणावा तर बिबट्या. मी तो नखाने बिबट्याकडे लोटला आणि रकान्यात एक लिहिला. ओटीवर कोणी नव्हते, रस्त्यावरून जाणाऱ्याला काही कळण्याचे कारण नव्हते, आणि एका अंकाने जगात कोणाचे काही बिघडणारही नव्हते. तरीही जेवताना मुलाने सहज विचारले, “आप्पा, आज डाव कसा झाला?” तेव्हा मला त्याच्याकडे पाहून उत्तर देता आले नाही. सारी हयात सरकारी दफ्तरात जमाखर्च लिहिण्यात गेली असल्यामुळे चुकीच्या नोंदीचे काय करतात ते मला ठाऊक होते. सकाळी उठून मी त्या एकावर आडवी रेघ ओढली, शेजारी शून्य मांडले आणि खाली सही केली. तेव्हापासून कलता फासा सरसकट पुन्हा टाकायचा, असा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

समोर प्रतिस्पर्धी असता आपण नियम पाळतो त्यात त्याच्या डोळ्यांचा वाटा मोठा असतो; एकट्याच्या खेळात तो धाक नाही, लबाडीचा लाभही नाही, आणि म्हणूनच तेथे पाळलेला नियम पूर्णतः आपला असतो. कोणी म्हणेल की, हाच खेळ भ्रमणध्वनीवर अधिक सोयीने खेळता येईल. येईल, पण तेथे फासे यंत्र टाकते, बेरीज यंत्र करते आणि शून्यही यंत्रच मांडते. जेथे अप्रामाणिक होणे शक्यच नाही, तेथे प्रामाणिक राहण्याचा अभ्यास कसा व्हावा? पेन्सिल माझ्या हातात आहे, आणि ती मला फसवू शकते, यातच कागदावरच्या खेळाचे मोल आहे.

दुसरा आक्षेप एकाकीपणाचा. जूचंद्र हे रांगोळीकारांचे गाव आहे. येथले कलावंत तासन्‌तास जमिनीवर वाकून, कोणाशी न बोलता, चिमटीतून रंग सोडीत असतात, आणि दिवाळीत त्यांची प्रदर्शने पाहायला दूरदूरची माणसे येतात. त्या वाकलेल्या माणसाला एकाकी म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. एकांत आणि एकाकीपणा यांतला भेद आम्ही रांगोळीच्या बाबतीत जाणतो, मग खेळाच्या बाबतीत का जाणू नये? शिवाय, ज्या दिवसापासून निवटी आणि खंड्या माझ्या रकान्यांत आले, त्या दिवसापासून खाडीच्या बाजूला फिरायला जाताना माझी नजर त्यांना शोधू लागली आहे. निवटी पाण्याबाहेर इतका वेळ कशी राहते, हे मी या वयात, घरी मासळी देणाऱ्या बाईंना विचारून समजून घेतले. ज्याचे नाव आपण रोज लिहितो त्याच्याविषयी मनुष्य फार काळ अनभिज्ञ राहू शकत नाही.

म्हणून आपल्या शाळांना आणि ग्रंथालयांना माझी विनंती आहे की, त्यांनी परदेशी पेट्यांच्या किमतीकडे पाहून हा विषय सोडून देऊ नये. चार फासे, गोंद आणि कागद एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. प्रत्येक गावाने आपल्या शिवारातले सहा प्राणी निवडावेत. जव्हारचे निराळे असतील, सावंतवाडीचे निराळे, मेळघाटातले त्याहून निराळे. मुलांनी ते स्वतः काढावेत, रकाने स्वतः आखावेत, आणि मग निदान एक डाव प्रत्येकाने एकट्याने, कोणाची देखरेख नसताना खेळावा. त्या कागदांची तपासणी मात्र गुरुजींनी करू नये. ज्याची त्याने रुजवात स्वतःशीच घालावी.

आमच्या भागातील मिठागरे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. भरतीचे पाणी आत घ्यायचे, उथळ चौकोनांतून ते फिरवीत न्यायचे, आणि बाकीचे काम उन्हावर सोपवायचे. त्यात मार्चअखेर एखादी अवकाळी सर येते आणि धरत आलेले मीठ उघड्या डोळ्यांदेखत विरघळून जाते. मिठागरावर राबणारा माणूस आभाळाशी तंटा करीत नाही आणि नसलेल्या मिठाची रासही सांगत नाही. जे गेले ते गेले म्हणून तो सांगतो, बांध तपासतो, आणि पुढच्या भरतीला पुन्हा पाणी आत घेतो. संध्याकाळी ओटीवर बिबट्याच्या घरात शून्य मांडताना मला त्याची आठवण होते, आणि मग मी वहीचे नवे पान उघडून रकाने आखू लागतो.