समुद्र एकटा अपराधी नव्हे

दर पावसाळ्यात कोकणातून त्याच बातम्या येतात. उधाणाने कोठे माडांची बाग गिळलेली असते, कोठे किनाऱ्याचा रस्ता खचलेला असतो, कोठे धूपप्रतिबंधक बंधाराच वाहून गेलेला असतो. मागणीही दर वर्षी तीच असते : आणखी बंधारे बांधा. समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर दूर असलेल्या जालन्याच्या वाचकास या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे की, किनारा एकटा समुद्र घडवीत नाही. लाट, खडक आणि वाळू या तिघांच्या व्यवहारातून तो घडत असतो. आणि यांपैकी खडकाशी व वाळूशी या जिल्ह्याचे निकटचे नाते आहे.

प्रथम खडकाचा विचार करू. ज्या काळ्या पाषाणात आपल्या विहिरी खोदल्या जातात, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हारसाचा आहे. तोच पाषाण कोर्लईच्या भूशिरावर, मुरूडजवळ आणि हरिहरेश्वरी समुद्राला सामोरा जातो. तो कठीण खरा, पण अभंग नव्हे. रस थिजताना त्यात भेगा पडलेल्या असतात. लाट आपटली की भेगेतील हवा दाबली जाते, लाट मागे सरताच ती उसळून बाहेर पडते, आणि या अखंड ठोक्यांनी भेग रुंदावते. लाटेबरोबर येणारे गोटे कड्याचा पायथा खरवडतात. विहीर खोदणारास ठाऊक असते की, कठीण थराखाली मांजऱ्या खडकाचा मऊ थर लागतो. लाटही असाच मऊ थर आधी पोखरते. पायथा पोकळ झाला की वरचा कडा कोसळतो आणि मागे खडकाचा सपाट ओटा उरतो. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणामार्गावर ही सारी कारागिरी उघड्यावर मांडलेली आहे.

रत्नागिरीकडे जावे तो दृश्य पालटते. तेथील सड्यांवर जांभ्याचे कठीण कवच असते व त्याखाली मऊ माती. लाट खालची माती नेते आणि वरच्या जांभ्याचे ठोकळे आपल्याच भाराने खाली येतात. पुढे मालवण-वेंगुर्ल्याकडे काळ्या पाषाणाहूनही कितीतरी प्राचीन खडक समुद्रात उतरले आहेत. खडक बदलला की किनाऱ्याचा स्वभाव बदलतो. इंग्लंडच्या पूर्वेस होल्डरनेसचा किनारा हिमनद्यांनी टाकलेल्या चिकणमातीचा आहे. तो दर वर्षी दीड-दोन मीटर मागे हटतो. आपल्या देशाच्या किनाऱ्याची १९९० ते २०१८ या काळाची शासकीय पाहणी हेच सांगते. देशाचा सुमारे एक-तृतीयांश किनारा झिजतो आहे. परंतु गाळाच्या बंगालात हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास, तर खडकाळ महाराष्ट्रात ते सुमारे एक-चतुर्थांश आहे.

आता वाळूकडे वळू. किनाऱ्याकडे येणारी लाट उथळ पाण्यात वळते, आपला जोर भूशिरांवर एकवटते आणि उपसागरांत तो पसरवून टाकते. म्हणून भूशिरे उघडी पडतात व उपसागरांत पुळणी साचतात. आपल्या पूर्वजांनी दुर्ग खडकावर उभारले आणि गावे पुळणीमागे वसविली, ती या स्वभावाची पारख असल्यामुळेच. पुळण ही गावाची ठेव असते. पावसाळ्यातील उग्र लाटा ती खोल पाण्यात ओढून नेतात, हिवाळ्यातील शांत लाटा ती बव्हंशी परत आणून टाकतात. भर घालावयास नद्यांची वाळू हवी. ती न आल्यास प्रत्येक पावसाळा मुद्दलात हात घालतो.

ही ठेव आज दोन्ही बाजूंनी उधळली जात आहे. पुळणीवर दगडी भिंत घातली की परतणारी लाट भिंतीपुढील वाळू उकरते, आणि शेजारच्या गावाकडे वाहत जाणारी वाळू अडते. एका गावचे संकट दुसऱ्या गावी ढकलण्याचा हा प्रकार आहे. दुसरीकडे, खाड्यांतून पंपांनी वाळू उपसली जाते. जेथे लाट घराच्या उंबरठ्याशी आली आहे तेथे बंधारा नको, असे आम्ही म्हणत नाही. परंतु खडक, लाटांची दिशा व वाळूचा ओघ तपासल्यावाचून ओतलेला दगड म्हणजे समुद्रास दिलेला नजराणा होय.

या दोषात घाटावरचे आपणही निर्दोष नाही. जालन्याची दक्षिण सीमा आखणारी गोदावरी पूर्व समुद्रास मिळते. तिच्यावरील धरणांनी गाळ अडल्यामुळे तिचा त्रिभुज प्रदेश झिजत असल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. १९७६ साली राष्ट्रास अर्पण झालेल्या जायकवाडीने आपल्या शेतीस पाणी दिले, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु त्यामुळेच अंबड व घनसावंगी तालुक्यांतील पात्रात वरून येणारी वाळू जवळजवळ थांबली. म्हणजे तेथे आज असलेली वाळू ही पुन्हा न भरणारी शिल्लक आहे. तीच केनी लावून ओढली जाते व रात्रीच्या रात्री हायवांतून रवाना होते. वाळू गेली की पात्रात पाणी मुरत नाही आणि काठच्या विहिरी आटतात. समुद्राची हानी दूरची वाटत असेल, तर ही तरी आपल्या दारची आहे.

लहान खाणपट्ट्यांसही पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बजावले आहे. तेव्हा नवा नियम नको, आहे त्याची अंमलबजावणी हवी. वाळूघाटाचा लिलाव करण्यापूर्वी त्या पात्रात दर वर्षी किती वाळू खरोखर नव्याने येते हे मोजावे आणि तो आकडा ग्रामसभेपुढे ठेवावा. बांधकामासाठी दगड दळून केलेल्या कृत्रिम वाळूचा वापर वाढवावा. शासनाने आपल्या कामांपासूनच त्यास आरंभ करावा. कोकणात बंधाऱ्याच्या प्रत्येक प्रस्तावास खडक व वाळूची तपासणी जोडावी.

सागरी लाटांचे कार्य हा धडा आमच्या शाळांतील मुले भूगोलात पाठ करतात. तो धडा राज्यकर्त्यांनी व कंत्राटदारांनी पुन्हा एकदा वाचावा, आणि तो पश्चिमेच्या किनाऱ्यावर नव्हे, गोदाकाठी बसून वाचावा, एवढेच आमचे सांगणे आहे.