गावचे पाणी, घरचे आरोग्य



पावसाळा तोंडावर आला की घरोघरी एकच उपदेश ऐकू येतो : पाणी उकळून प्या. उपदेश योग्यच आहे. परंतु वऱ्हाडात तो पुरेसा नाही. येथील पाण्याचे दोष दोन प्रकारचे आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला दोष खारेपणाचा. पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवरील, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील ८९४ गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. तेथे बोअरला पाणी लागते, पण ते क्षारयुक्त असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० ही कमाल मर्यादा. असे पाणी उकळून गोडे होत नाही. वाफ निघून जाते आणि क्षार मागे उरतात. तुरटी व ब्लीचिंग पावडरही येथे निरुपयोगी. घरात कोणास रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आपण कोणते पाणी पितो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

यावरचा खरा उपाय एकट्या घराच्या आवाक्यातला नाही. गोडे पाणी दूरच्या धरणातून आणावे लागते. अकोट-तेल्हारा भागातील ८४ खेडी योजना वान धरणावर, अकोला जिल्हा परिषदेची खांबोरा ६४ खेडी योजना काटेपूर्णेच्या पाण्यावर, तर दर्यापूर-अंजनगावकडील योजना शहानूर धरणावर अवलंबून आहे. जलवाहिनी फुटली किंवा वीज तुटली की शेवटच्या टोकाचे गाव पुन्हा खाऱ्या बोअरकडे वळते.

दुसरा दोष जंतूंचा. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी व कोयलारी येथे विहिरीचे दूषित पाणी प्याल्याने अतिसाराची साथ पसरली आणि काहींना प्राण गमवावे लागले. वीजबिल थकल्यामुळे नळयोजना बंद होती, असे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. ध्यानात घ्या, बिल थकणे ही हिशेबाची बाब. पण तिचा परिणाम थेट माणसांच्या जिवावर झाला.

म्हणूनच जिल्हा परिषद हा केवळ राजकारणाचा विषय नाही, तो कुटुंबाच्या आरोग्याचाही विषय आहे. १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा आणि ग्रामीण पाणीपुरवठा ही कामे तेव्हापासून त्यांच्याकडे आहेत. पाण्यासाठी एक साखळी ठरलेली आहे : ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल पावडर टाकतो, आरोग्यसेवक नमुना घेतो, प्रयोगशाळा अहवाल देते. वर्षातून दोनदा स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. यातील एक कडी सुटली तरी साथीला वाट मिळते.

तेव्हा घरातील कर्त्या स्त्री-पुरुषांनी चार गोष्टी विचाराव्यात. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे? पाण्याचा शेवटचा अहवाल कधी आला, आणि त्यात जंतूंबरोबर क्षारांचीही नोंद आहे काय? टीसीएल पावडर ताजी आहे काय? तिच्यातील क्लोरीन २० टक्क्यांखाली गेले असेल तर ती वापरू नये. आणि चौथी, पाणीयोजनेचे वीजबिल भरले आहे काय? हे प्रश्न विचारण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. ती वर्षातून किमान चार वेळा व्हावयास हवी. जिल्हा परिषदेत सदस्य असोत वा प्रशासक, लेखी विचारलेल्या प्रश्नाची नोंद राहते.

शाळा व अंगणवाडीचे पाणीही विसरू नका. मुले दिवसाचा मोठा भाग तेथे घालवतात. टाकी शेवटची केव्हा धुतली, हे पालकसभेत विचारण्यात संकोच कसला?

घरी मात्र पावसाळ्यात पाणी गाळून, उकळून, झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी व आरोग्य केंद्र गाठावे. एकाच वाडीत दोन-तीन घरांत जुलाब दिसले, तर आशाताईंना त्याच दिवशी कळवावे.

अमरावतीच्या शेंडगावात जन्मलेल्या आणि अकोल्याच्या मूर्तिजापूर तालुक्यात वाढलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला, तो स्वतःच्या अंगणापुरता नव्हे. आपल्या माठातील पाणी स्वच्छ राहावे असे वाटत असेल, तर गावच्या टाकीकडेही आपले लक्ष असू द्या.